आधी टक, मग रेघ

३ मार्च

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार घालायला या खोलीत जागा नाही. आठ बाय आठची खोली, त्यात लोखंडी पलंग, एक टेबल आणि माझं हेल्मेट. तेव्हा बसल्या बसल्या केलेला नमस्कार गोड मानून घे.

फोन गेटवरच काढून घेतले. नव्या गाडीचा फोटो बाहेर जाऊ नये म्हणून पिशवीत घातले, पिशवीवर नंबर टाकला आणि कपाटाला कुलूप लावलं. सहा आठवड्यांनी परत मिळणार. ऑफिसात एक फोन आहे, पण तो कामापुरता, आणि त्याच्याजवळ चाचणीचे मुख्य साहेब बसलेले. त्यांना सगळे मागून स्टॉपवॉच म्हणतात. समोर माणूस बोलत असला तरी ते घड्याळाकडेच बघतात. म्हणून आता पत्रं. तुमच्या वर्कशॉपमधून दर दोन दिवसांनी सुटे भाग घेऊन व्हॅन येते, तिचा ड्रायव्हर हाच आपला पोस्टमन.

आता तुझ्या पाखराबद्दल. मामा, अरे ही काय गाडी बांधलीस तू! दाराला आतून हँडल नाही, कापडी पट्टा ओढायचा. खाली गालिचा नाही. मागे सीट नाही. पुढची सीट जागची हलत नाही, पाय आखूड असतील तर पेडल जवळ घ्यायचे. पाच वर्षं मी चाचणीच्या गाड्या चालवतेय, पण त्या सगळ्या घरच्यांना घेऊन फिरायच्या, ढेरपोट्या. या गाडीत बसल्यासारखं वाटत नाही, अंगात घातल्यासारखी वाटते. स्टिअरिंगला बोट लावायचा अवकाश, वळलीच.

वजनाचं तर इथे वेड लागलंय सगळ्यांना. गाडीत बसण्याआधी मला काट्यावर उभं करतात, हेल्मेट-सूटसकट. काट्यापाशी एक काका आहेत, काटेवाले. काल त्यांनी जाहीर केलं, "बाई, परवापेक्षा दोनशे ग्रॅम जास्त. न्याहारीला काय खाल्लं?" दहा माणसांसमोर! बायकांना वय विचारू नये म्हणतात, इथे वजन ओरडून सांगतात.

एवढं हसून झालं. आता खरं सांगते. मला भीती वाटतेय. तिसऱ्या वळणावर, अॅक्सिलरेटर सोडून गाडी आत घेतली की मागून बारीकसा आवाज येतो. खट्. जीभ टाळ्याला लावून काढावा तेवढाच. इंजिनीअर म्हणतो, गालिचा नाही, अस्तर नाही, खडा उडाला तरी ऐकू येणार. असेलही. पण पुढच्या वळणापर्यंत मी कान लावून त्याचीच वाट बघत असते. आज संध्याकाळी गाडी उचलली तेव्हा मी खाली वाकून बघितलं. तुझ्या पिवळ्या रेघा सगळ्या जागच्या जागी, सरळ. मग जरा जिवात जीव आला.

आईला यातलं काही बोलू नकोस. तू तिला शब्द दिलायस ना, की प्रत्येक बोल्ट तू स्वतः आवळलास म्हणून? त्या शब्दावरच तिने मला येऊ दिलं.

तुझी,
भिंगरी


५ मार्च

भिंगरे,

अनेक आशीर्वाद. त्यांचं वजन शून्य ग्रॅम असतं, तेव्हा हवे तितके घे, काटेवाला काही म्हणणार नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागतो, बये. तू लहानपणी माझ्या स्कूटरच्या टाकीवर बसून ओरडायचीस, "मामा, अजून जोरात!" तीच ना तू? खडाच असेल. रेसच्या गाड्यांतही हेच व्हायचं. नवा ड्रायव्हर पहिल्या दिवशी येऊन सांगायचा, मागे भूत आहे. भूत निघायचं नखाएवढ्या खड्याचं.

रेघेबद्दल तू लिहिलंस ते बरं केलंस. तुझ्या बापाच्या माघारी तुला मी काय शिकवलं असेल तर एवढंच. बोल्टवर पाना लावायचा, ठरलेला जोर लागला की पाना 'टक' करतो. टक ऐकायचं, आणि त्याच श्वासात पिवळ्या पेनाने नट आणि खालचा पत्रा अशी दोघांवरून एक रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते, लांबून दिसते. तीस वर्षं रेसच्या पिटमध्ये माझ्या रेघेवर ड्रायव्हर डोळे मिटून बसले. पाना लावून पुन्हा बघा असं मला कोणी कधी म्हणालं नाही.

तरी एक विचारतो, सहज. आवाज मागे डावीकडून येतो की उजवीकडून? आणि नुसतं ब्रेक दाबलं तर येतो का? इंजिनीअरला सांगायला जाऊ नकोस, मला लिही.

ताई बरी आहे. काल तुझी खोली झाडत होती. मी तिला म्हणालो, पोरगी सहा आठवड्यांनी येणार, आत्तापासून काय झाडतेस? म्हणाली, तू तुझे बोल्ट बघ.

तुझा,
मामा

ता. क. अक्षराला हसू नकोस. पेन खराब आहे.


८ मार्च

प्रिय मामा,

पेन बदल खरंच. 'ब्रह्मराक्षस' लागायला मला पाच मिनिटं लागली. ओळी अशा चढल्या-उतरल्यात की वाचताना मान दुखली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. डावीकडून. मागच्या डाव्या चाकापाशी. नुसत्या ब्रेकने नाही. गाडीचा भार एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जातो ना, त्या क्षणी. आणि मामा, तो वाढलाय. आधी तिसऱ्या वळणावर होता, आता पाचव्यावरही येतो. काल तर सीटच्या पाठीतून कमरेला जाणवला. दुसऱ्या ड्रायव्हरला मी दोन फेऱ्या मारायला लावल्या. तो म्हणाला, "काहीतरी आहे, पण ते तूच सांग, मी गेल्या वर्षी एकदा खोटा धोका सांगून हसं करून घेतलंय." त्याला दोन महिन्यांची मुलगी आहे. तिचा फोटो त्याने बुटात ठेवलाय, काट्यावर सापडू नये म्हणून.

मग मी धीर करून स्टॉपवॉचला सांगितलं. तपासनीस आला, टॉर्च लावून खाली झोपला. दोन मिनिटांत बाहेर. "रेघा अखंड आहेत. कोणाच्या आहेत माहितेय ना?" मी म्हटलं, माहितेय, माझ्या मामाच्या. तर सगळे हसले. "मग मामावर विश्वास नाही का?" तुझी रेघ बघून त्यांनी पाना हातातसुद्धा घेतला नाही. कागदावर सही झाली.

खरं सांगू, मलाही मग वाटलं की मी उगाच घाबरतेय. आता भीती वाटली की मी मनात म्हणते, मामाची रेघ, मामाची रेघ. लहान मुलं अंधारात गाणं म्हणतात तसं.

१७ तारखेला मोठी धाव आहे. आत्तापर्यंत वेगाला मर्यादा होती, त्या दिवशी काढणार. कंपनीचे मालक येणार, पाहुणे येणार. सरळ पट्टा, मग तिसरं वळण, पूर्ण वेगात. गाडीत मी.

आणि हो, मी निघायच्या आदल्या दिवशी वर्कशॉपमध्ये नवं हेल्मेट दाखवायला आले होते आठवतंय? तू हातातलं काम टाकून माझ्याबरोबर चहाला आलास. ते हेल्मेट सगळ्यांना फार आवडलंय. तुला सांगायचं राहिलं.

भिंगरी


११ मार्च

भिंगरे,

सतरा तारखेला गाडीत बसू नकोस.

ताप आला म्हण. कमरेत उसण भरली म्हण. डॉक्टरला डोकं दुखतं सांग, डोक्याचं कोणाला काही तपासता येत नाही. सतरापर्यंत पलंगावरून उठू नकोस.

का म्हणून विचारू नकोस. मोठं माणूस सांगतंय तर एकदा ऐकावं.

मामा


१३ मार्च

मामा,

तूसुद्धा?

मागच्या व्हॅननेच आईचं पत्र आलं होतं. तेच तिचं नेहमीचं, स्वप्न पडलं, जीव घाबरा होतो, सोड ती नोकरी. मला वाटलं, निदान मामा तरी माझ्या बाजूला आहे. आणि आज तुझ्या चार ओळी. आईने समोर बसवून लिहून घेतल्या असतील. हात थरथरलेला दिसतोय, शरमेने थरथरला असेल.

तू मला चालवायला शिकवलंस. मुलगी आहे, घाबरेल, असं जेव्हा सगळे म्हणत होते तेव्हा तू त्यांना म्हणालास, "भीती वाटणाऱ्यालाच गाडी द्यावी, तोच ब्रेक वेळेवर दाबतो." ते सगळं बोलण्यापुरतंच होतं का? मी तुला भीती सांगितली ती तू समजून घेशील म्हणून. तू तीच उचलून माझ्याविरुद्ध वापरलीस.

मी आजारी पडले तर गाडी उभी राहील असं वाटतं तुला? माझ्या जागी दुसरा ड्रायव्हर बसेल. बुटात मुलीचा फोटो ठेवणारा. तो तर आवाज आला तरी तोंड उघडणार नाही.

कारण असेल तर कारण लिही. नसेल तर पत्र लिहू नकोस. तुझी यापुढची पत्रं मी फोडणार नाही, सतरा तारीख होईपर्यंत. मला डोकं शांत ठेवायचंय.

—


१५ मार्च

भिंगरे,

कारण लिहितो. हात साथ देत नाही म्हणून सकाळपासून लिहितोय, आता दुपार झाली. नऊ कागद झालेत. एका कागदावर पाच-सहा ओळीच बसतात, अक्षर एवढं मोठं काढलं तरच वाचता येतं.

पेन खराब नाही. हात खराब आहे. वर्ष झालं. आधी करंगळी थरथरायची, मग पंजा. सकाळी उठल्यावर तासभर ठीक असतो, नंतर दिवसभर सुकाणू सुटल्यासारखा. डॉक्टरकडे गेलो नाही. वर्कशॉपमध्ये हात खिशात घालून फिरतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, मी ती मूठ अक्षरशः झाकून वर्ष काढलं. पाना धरता येतो अजून, दोन्ही हातांनी जोर लावता येतो. रेघ येत नाही. दुपारी ओढलेली रेघ अशी नागमोडी यायची की कोणीही विचारलं असतं, काय झालं तुम्हाला?

म्हणून मी एक पद्धत काढली. दिवसभर बोल्ट आवळायचे आणि रेघा दुसऱ्या दिवशी सकाळी ओढायच्या, हात शांत असताना. आधी टक, मग त्याच श्वासात रेघ, हे मी तुला शिकवलं, सगळ्या वर्कशॉपला शिकवलं. आणि मीच मध्ये एक अख्खी रात्र घातली.

तुझ्या गाडीचं मागचं डावं चाक. त्याला धरणारे चार बोल्ट. ते मी बोटांनी बसवले होते, पाना लावायला सुरुवात केली होती, तेवढ्यात तू आलीस. हेल्मेट घालून आलीस, दारात उभी राहून म्हणालीस, "ओळखा कोण?" मी पाना ठेवला. चहाला गेलो. परत आलो तेव्हा दिवे मालवायची वेळ झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पेन घेतलं आणि सगळ्या गाडीवर रेघा ओढल्या. त्या चारांवरही. सुंदर रेघा आल्या.

भिंगरे, चाराचे चार आवळले होते का, हे मला आठवत नाही. दहा दिवस मी डोळे मिटून तो दिवस पुन्हा पुन्हा जगतोय. पहिलं टक ऐकू येतं. दुसरं येतं. मग तुझा आवाज येतो. पुढचं काही येत नाही.

ते नट असे असतात की नुसते बोटांनी बसवले तरी जागचे फिरत नाहीत, आतून पकड असते. म्हणून रेघ तुटत नाही. रेघ सरळ राहते आणि जोड आतून हलत राहतो. खट्, खट्. रेसच्या गाडीसारखी हलकी केलीय आपण ती, चाकाला धरणारे तुकडे तर पोखरून पोखरून बारीक केलेत. सैल जोडाने ते किती दिवस टिकतील मला माहीत नाही. पूर्ण वेगात तिसऱ्या वळणावर काय होईल, ते मला माहीत आहे. तसं होताना मी एकदा पाहिलंय. ते मी लिहिणार नाही.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच तोंडचं पाणी पळालं होतं. तरी मी तुला ब्रह्मराक्षसाची म्हण लिहिली. दुसरं पत्र वाचलं तेव्हा स्टॉपवॉचला फोन केला. म्हणालो, मागची डावी बाजू एकदा पान्याने बघून घ्या. तो म्हणाला, "तुमची रेघ आहे ना? मग?" पुढे एकच वाक्य बोलायचं होतं. जीभ उचलली नाही. फोन ठेवला. आणि तुला लिहिलं की तापाचं सोंग घे. स्वतःची अब्रू वाचवायला तुला खोटं बोलायला सांगितलं, आणि तुझ्या जागी त्या लहान पोरीचा बाप बसेल हे मनातही आलं नाही. तू लिहिलंस तेव्हा आलं.

तोंडाने बोलवत नाही म्हणून लिहितोय. खाली माझी पूर्ण सही आहे. हे पत्र स्टॉपवॉचला दाखव. ड्रायव्हर 'नको' म्हणाला की गाडी हलत नाही, हा नियम आहे. व्हॅनवाला उद्या तुझ्या हातात देईल, त्याने शब्द दिलाय.

सोबत माझं पिवळं पेन पाठवतोय. मी आता कुठल्याच गाडीवर रेघ ओढणार नाही.

मामा


१७ मार्च, सकाळ

भिंगरे,

व्हॅन परत आली. तुझं पत्र नाही. व्हॅनवाला म्हणतो, हातात दिलं, बाईंनी बघितलं आणि खिशात टाकलं. फोडलं का? म्हणतो, नाही.

पत्र फोडणार नाही असं तू लिहिलं होतंस. ते मी वाचलं होतं, तरी मला वाटलं नव्हतं. तू रागावलीस तरी तुझा राग संध्याकाळपर्यंत टिकत नाही, हे मी धरून चाललो.

आठ वाजल्यापासून फोन लावतोय. दहा वेळा वाजून बंद झाला. अकराव्या वेळी ऑफिसातल्या कोणीतरी उचलला. मी ओरडलो. माझी चूक आहे, मी बोल्ट आवळले नाहीत, गाडी थांबवा. तो म्हणाला, "आजोबा, सगळे ट्रॅकवर गेलेत, इथे मी एकटाच आहे, हळू बोला." मी म्हटलं, पळ. धावत जा. त्याने फोन ठेवला. तो पळाला की नाही, मला माहीत नाही.

हे पत्र कशाला लिहितोय तेही माहीत नाही. व्हॅन परवा जाणार. लिहिलं नाही तर हात नुसता टेबलावर आपटत राहतो.

ताई शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालतेय. तिला अजून काही माहीत नाही. काहीतरी गुणगुणतेय.


१७ मार्च, संध्याकाळ

मामा,

मी आहे. आधी हे वाच. मी आहे, धडधाकट आहे, टेबलापाशी बसून लिहितेय.

तुझं पत्र मी फोडलं नव्हतं. रागाने फेकूनही देववेना, म्हणून सकाळी सूटच्या आतल्या खिशात ठेवलं. चेन लावली. हेल्मेट घातलं, काट्यावर उभी राहिले. ट्रॅकच्या कडेला खुर्च्या मांडलेल्या, मालक, पाहुणे, स्टॉपवॉचच्या हातात स्टॉपवॉच. काटेवाले काका म्हणाले, "बाई, कालपेक्षा सत्तर ग्रॅम जास्त."

मी म्हटलं, असू द्या हो काका, सत्तर ग्रॅमने काय होतंय. ते म्हणाले, "पूर्ण गाडीतून ग्रॅम ग्रॅम काढायला या लोकांनी तीन वर्षं घातली. खिशात काय आहे?" सगळे थांबलेले. मी चिडून लिफाफा काढला आणि त्यांच्या हातात कोंबला. त्यांनी हलवून बघितला. आत काहीतरी खुळखुळलं. "पत्राबरोबर काय आहे?" मलाही माहीत नव्हतं. म्हणून फोडला. तुझं पिवळं पेन खाली पडलं.

मामा, ते पेन तू आंघोळीला जातानासुद्धा शर्टाच्या खिशातून काढून कोणाकडे देत नाहीस. ते बघितलं आणि मी कागद उलगडले. मी तिथेच काट्यावर उभी राहून तुझे नऊ कागद वाचले. स्टॉपवॉच ओरडत होते. पाचव्या कागदाला मी हेल्मेट काढलं. नवव्याला म्हणाले, "नको. मी बसणार नाही, आणि कोणीच बसणार नाही." तेवढ्यात ऑफिसातला तो कारकून धापा टाकत आला, एका पायात चप्पल. तोवर गाडी उचलायला घेतली होती.

पाना मीच लावला. पहिला बोल्ट, टक. दुसरा, टक. तिसऱ्याला पाना फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय, अर्धा फेरा झाला तरी टक नाही. तुझी ती सुंदर रेघ माझ्या डोळ्यांसमोर तुटली, अर्धी नटाबरोबर गेली, अर्धी पत्र्यावर राहिली. चौथाही तसाच. बोल्ट बाहेर काढला तर भोकाची कड घासून चकाकत होती, आणि कडेपासून केसाएवढी चीर निघालेली. इंजिनीअरने चिरेवर नख फिरवलं आणि तो खालीच बसला. मालकांनी टोपी काढली. दुसऱ्या ड्रायव्हरने बुटातला फोटो काढून खिशात ठेवला.

मग मी गॅरेजच्या मागे जाऊन उलटी केली. खूप रडले. हात अजून थरथरतोय, माझं अक्षर बघ. तुझ्यासारखंच आलंय.

मी तुझ्यावर रागावलेय, मामा. खूप. हात थरथरला म्हणून नाही. हात कोणाचाही थरथरेल. फोनवर एक वाक्य बोलला असतास तर? नऊ कागद लिहिण्यापेक्षा एक वाक्य? काटेवाल्यांनी सत्तर ग्रॅम सोडून दिले असते तर? हे मी रोज विचारणार आहे तुला, बरीच वर्षं. तयारी ठेव.

त्या चाकाचा नवा भाग बसवला. टक ऐकलं, चारही वेळा, मोठ्याने मोजून. मग तुझ्याच पेनाने रेघा ओढल्या. नागमोडी आल्या. तपासनीस म्हणाला, पुसून सरळ ओढू का? मी म्हटलं, हात लावायचा नाही. या वाकड्या आहेत, पण टक ऐकून ओढल्यात.

आईला तू सांग. मी सांगणार नाही. शब्द तू दिला होतास.

भिंगरी


२३ मार्च

भिंगरे,

अक्षर माझं आहे बघून दचकू नकोस. मामा सांगतोय, मी लिहितेय. त्याचा हात आज फारच हलतोय.

तो म्हणतो, लिही: मी वर्कशॉपच्या प्रमुखांना सगळं सांगितलं. त्यांनी मला बोल्टपासून लांब ठेवलंय, ते बरोबरच आहे. पुढच्या आठवड्यात डॉक्टर आहे. प्रमुख म्हणाले, तुम्ही फक्त उभे राहून नव्या मुलांना टक ऐकायला शिकवा. मी म्हणालो, मला लाज वाटते. ते म्हणाले, वाटू दे, त्यानेच नीट शिकवाल.

तो म्हणतो, लिही: भिंगरे, माफी मागायला तोंड नाही. पण आता बोलायला शिकतोय, म्हणून तोंडानेच मागतोय, ताईच्या समोर. मला माफ कर.

आता हे माझं, त्याचं नाही. सतरा तारखेला दुपारी तो माझ्या खोलीत आला, घड्या केलेल्या कपड्यांवर बसला आणि सगळं बोलला. तू जिवंत आहेस की नाही हेही त्याला तेव्हा माहीत नव्हतं. तू ठीक असल्याचा फोन रात्री आठला आला. ते सहा तास मी तुला सांगणार नाही. त्यानंतर तीन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. त्याचं ताटसुद्धा वाढलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्याला शर्टाची बटणं लावता येईनात, दारात उभा राहिला नुसता, लहान मुलासारखा. मी लावली. तेव्हापासून लावतेय. बोलतेयही, थोडं थोडं.

मी अजून घाबरते. तू गाडी चालवू नकोस असं मात्र आता म्हणणार नाही. काट्यावरच्या त्या काकांना माझा नमस्कार सांग, आणि घरी आलीस की त्यांना जेवायला घेऊन ये.

आणि कितीही रागावलीस तरी घरून आलेलं पत्र आधी फोडत जा, बये.

तुझी,
आई